चालते दफ्तर

बदलीवर बंगळुरास आलेल्या मराठी अधिकाऱ्यास ‘शिवाजीनगर’ हे नाव कानी पडताच जो आनंद होतो, तो बहुधा तेथील बसस्थानकापर्यंतच टिकतो. रसेल मार्केटच्या आसपास उर्दू, तमिळ आणि कन्नड यांचा असा काही कल्लोळ चाललेला असतो, की त्यात मराठी शब्द शोधू जाणाऱ्याच्या पदरी निराशाच यावी. वस्तीचे हे नावही फार जुने नव्हे. छावणीच्या काळात तिला ब्लॅकपल्ली म्हणत. तथापि बंगळूर आणि मराठी माणूस यांचा संबंध केवळ नावापुरता आहे, असे मात्र कोणी समजू नये. १६३८ च्या सुमारास रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून हे ठाणे घेतले, ते पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि शिलेदारांच्या मागोमाग लेखणीबहाद्दरांनाही या मुलखाची वाट सापडली. हैदर-टिपूच्या अमदानीत, आणि त्यानंतर इंग्रजी कमिशनच्या काळातही, म्हैसूरच्या महसुली हिशेबांत मराठी भाषा व मोडी लिपी टिकून होती. तलवारीचे राज्य गेले. जमाखर्चाचे राज्य बरेच दिवस राहिले.

हे आठवण्याचे कारण असे, की आज याच शहरात पुन्हा एकदा जमाखर्चाचे राज्य आहे. फक्त रुमालांची जागा यंत्रांनी घेतली आहे. कर्नाटकातील शेतजमिनीच्या हक्कांची नोंद येथून सांभाळली जाते, आणि शंभर कोटींहून अधिक माणसांची ‘आधार’ची नोंद ज्या दोन ठिकाणी ठेवलेली आहे त्यांतील एक ठिकाण बंगळूर हेच होय. या नोंदींच्या व्यवस्थित साठ्यास डेटाबेस म्हणतात, आणि मागेल त्यास मागेल ती नोंद काढून देणाऱ्या यंत्रास सर्व्हर. अशी यंत्रे किती घ्यावीत, कोठे बसवावीत, त्यांवर कोणती आज्ञावली चालवावी, हा प्रश्न हल्ली तज्ज्ञांचा मानला जातो आणि आपण अधिकारीवर्ग निविदेच्या कागदावर सही करून त्यातून मोकळे होतो. माझे म्हणणे असे आहे, की हा प्रश्न मुळात दफ्तरदाराचा आहे. नोंद कोण करणार, कोठे बसून करणार, आणि चुकली तर ती कोण व कशी दुरुस्त करणार, हे आधी ठरवावे लागते. यंत्राची निवड त्यानंतरची. ज्यांनी हा क्रम उलटा लावला त्यांची दफ्तरे मेली, याला इतिहासात पुरावा आहे. आणि त्या इतिहासाचा आरंभ आपल्याच पुण्यात सापडतो.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मुख्य भाग होते. एक ‘चालते दफ्तर’, जे फडणीसाच्या प्रत्यक्ष नजरेखाली असे. रोजच्या सनदा, हुकूम, जमा आणि खर्च यांची नोंद तेथे तत्काळ पडे. दुसरे ‘एकबेरीज दफ्तर’, जे कायम पुण्यासच असे. सगळ्या खात्यांचे हिशेब तेथे वर्गवार लावले जात, वर्षाची जमा, खर्च व शिल्लक दाखविणारा तर्जुमा तयार होई, आणि खर्चाच्या बाबींच्या वर्णानुक्रमे लावलेल्या खतावण्या बांधल्या जात. या दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत असत.

या दोन दफ्तरांची फारकत का केली असावी, याचा थोडा विचार केला म्हणजे त्यामागील व्यवहारज्ञान ध्यानात येते. जेथे घटकेघटकेला नवी नोंद पडत आहे, तेथेच बसून कोणी गेल्या दहा वर्षांच्या सरंजामी खर्चाची बेरीज मागू लागला, तर लिहिणाराही अडतो आणि मोजणाराही चुकतो. आज मोठ्या डेटाबेसची आखणी करणारा अभियंता नेमकी हीच फारकत करतो: व्यवहार नोंदविणारा सर्व्हर वेगळा, अहवाल काढणारा वेगळा, आणि पहिल्याची नक्कल ठरावीक वेळाने दुसऱ्याकडे जाते. त्यास हे शास्त्र म्हणून शिकविले जाते. एकबेरीज दफ्तरातल्या कारकुनाला ती रीत होती.

रोजकीर्द आणि खतावणी यांचेही असेच आहे. व्यवहार घडताच तो आधी रोजकीर्दीत, घडला त्या क्रमाने लिहायचा. मग सवडीने तो खात्यात नेऊन बसवायचा. खतावणी फाटली, भिजली, तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. रोजकीर्द गेली तर मात्र सगळेच गेले. संगणकाचा डेटाबेसही प्रत्येक बदल आधी एका क्रमवार नोंदवहीत उतरवितो आणि मगच मुख्य तक्त्यात नेतो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू झाल्यावर यंत्र ती वही वाचून राहिलेले काम पुरे करते किंवा अर्धवट राहिलेले पुसून टाकते. म्हणूनच जाणता योजक ही क्रमवार वही आणि मुख्य तक्ते एकाच तबकडीवर ठेवीत नाही. एका आगीत रोजकीर्द आणि खतावणी दोन्ही जळू नयेत, एवढे साधे तत्त्व यामागे आहे. तरी किती कार्यालयांत ते पाळले जाते, हे वाचकांनी आपापल्या ठिकाणी पाहावे.

नाना फडणीसांच्या काळापर्यंत हे दफ्तर उत्तम चालले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत त्याकडे दुर्लक्ष झाले. कागद विस्कटले, लोकांनी नेले. रुमाल तेच होते, कपाटे तीच होती. फक्त रोज लिहिणारा हात थांबला. १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात हा ढीग आला. त्यांनी तो लावून घेतला, आणि त्याचा उपयोग कशासाठी झाला हेही विसरता कामा नये. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि याच कागदांशी ताडून पाहून हजारो इनामे खालसा करण्यात आली. ज्याच्या पूर्वजांची सनद दफ्तरात सापडली नाही, त्याची वहिवाट तीन पिढ्यांची असली तरी ती संशयास्पद ठरली. नोंद माणसाच्या सोयीसाठी ठेवलेली असते, हा समज किती भाबडा आहे हे दख्खनच्या इनामदारांस त्या वेळी कळून चुकले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात या दफ्तरासाठी भक्कम दगडी इमारत बांधली गेली; आज ते पुणे पुराभिलेखागार होय. तेथे मोडी कागदांचे सुमारे एकोणचाळीस हजार रुमाल आहेत. १९३० नंतरच्या काही वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. इतिहाससंशोधकांस ती इमारत तीर्थस्थानासारखी आहे. परंतु चालत्या दफ्तराला दगडी घर मिळाले ते ते चालायचे थांबल्यावर, ही गोष्टही तितकीच खरी.

आता पुण्याहून पुन्हा बंगळुरास येऊ. १८३१ मध्ये म्हैसूरचा कारभार इंग्रजी कमिशनने हाती घेतला आणि सत्तेचे केंद्र बंगळुरास आले. कचेऱ्या प्रथम टिपूच्या वाड्यात भरत. ती जागा अपुरी पडू लागली, तेव्हा कब्बन पार्कच्या कडेला लाल रंगाची लांबलचक इमारत उठली आणि १८६८ मध्ये अठरा खाती तेथे हलली. म्हणून तिचे नाव ‘अठारा कचेरी’. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. शिवाजीनगरहून निघालेला माणूस रमतगमत चालला तरी अर्ध्या तासात तेथे पोहोचतो. पण १९४७ पूर्वीच्या रहिवाशास हे अंतर कागदोपत्री फार मोठे होते. कारण शिवाजीनगर ज्या छावणीत मोडे, तो ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’चा भाग म्हैसूर संस्थानाचा नव्हताच, तेथे रेसिडेंटचा अंमल चाले. एका शहरात दोन नगरपालिका, आणि अर्थातच दोन तऱ्हांचे दफ्तर. १९४७ मध्ये छावणी संस्थानाकडे परत आली आणि १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिका मिळून एक महापालिका झाली. सीमारेषा एका हुकमाने पुसता येते. परंतु दोन दफ्तरे एक करावयाची म्हणजे दोन मापे, दोन पद्धती आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली तीच ती नावे जुळवीत बसावे लागते. डेटाबेसांचे विलीनीकरण ज्यांनी केले आहे त्यांना हे दुखणे चांगले माहीत आहे. यंत्र नवे आणून ते बरे होत नाही.

याच दुखण्याची मोठी आवृत्ती पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आली. म्हैसूरची पहाणी, मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांतला सात-बारा आणि हैदराबादकडील रीत अशा निरनिराळ्या वळणांची महसुली दप्तरे एका राज्याखाली आली. बेळगाव, विजापूर, धारवाड भागातल्या आपल्या नातेवाइकांचे उतारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस या स्थित्यंतराच्या खुणा ओळखीच्या असतील.

जमिनीच्या नोंदी यंत्रावर आणण्याचा विचार केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये सुरू केला. प्रथम आठ राज्यांतील एकेक जिल्हा निवडला गेला, महाराष्ट्रातून वर्धा. कर्नाटकात १९९१ मध्ये एका जिल्ह्यात प्रयोग झाला, आणि १९९६ पर्यंत सर्व जिल्ह्यांसाठी योजना मंजूर झाली. पण हाती फारसे काही आले नाही. का आले नाही, ते प्रत्येक योजकाने पाठ करून ठेवावे असे आहे. संगणक जिल्ह्याच्या ठिकाणी बसविण्यात आले. आणि जमिनीचे फेरफार नोंदविले जात ते तालुक्यात. तालुक्यासाठी संगणकाची तरतूदच नव्हती. परिणाम असा, की गावोगावचे उतारे गोळा करून जिल्ह्यात उतरविले जात, आणि ते उतरवून होईतो तालुक्यात खरेदी, वारस, वाटणी यांचे नवे फेरफार पडलेले असत. यंत्रातले दफ्तर जन्मतःच शिळे. चालते दफ्तर एकीकडे, एकबेरीज दुसरीकडे, आणि दोघांमध्ये रोजची टपाल नाही; मग बेरीज चुकणारच.

१९९९ नंतर राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ‘भूमी’ योजना आखली गेली, तेव्हा ही चूक ओळखून तालुका हाच पाया धरला. कर्नाटकाचे सुमारे एकशे शहात्तर तालुके, सुमारे सदुसष्ट लाख खातेदार आणि जवळजवळ दोन कोटी उतारे, असा एकूण पसारा होता. ऐकावयास तो अफाट वाटतो. पण थोडे गणित करून पाहावे. एका उताऱ्यास पाच किलोबाइट जागा धरली, तरी दोन कोटींचे शंभर गिगाबाइट होतात. म्हणजे आज एखाद्या महाविद्यालयीन मुलाच्या खिशातल्या फोनात सबंध कर्नाटकाची शेती मावेल. एका तालुक्याच्या वाट्यास सव्वा लाखाहून कमी उतारे येतात, आणि तेवढ्यांस त्या काळचा साधा सर्व्हरही सहज पुरत होता. तेव्हा अडचण साठ्याची नव्हती. तरीही आपल्याकडील निविदांत साठ्याच्या आकड्यालाच सर्वांत जाड टाइप लाभतो, हे एक कोडेच आहे.

खरी अडचण होती ती दिवसाच्या व्यवहाराची. उतारा मागणारे शंभर, तर फेरफार घालणारे दोन-चार. परंतु त्या दोन-चार बदलांपैकी एकही अर्धवट राहता कामा नये. एकाच गटक्रमांकावर दोन कारकून एकाच वेळी फेरफार घालू लागले, तर पहिल्याचे पुरे होईपर्यंत दुसऱ्यास थोपवून धरावे लागते. हे काम आज्ञावलीचे. मधूनच वीज गेली तर यंत्र बंद पडण्याआधी हातचे काम पुरे व्हावे म्हणून बॅटरीची सोय लागते. हे काम यंत्रसामग्रीचे. एक तबकडी बिघडली तर दुसरी तीच नोंद घेऊन उभी पाहिजे, आणि दिवसअखेरची नक्कल त्याच खोलीतल्या कपाटात न ठेवता दुसऱ्या इमारतीत गेली पाहिजे. हे काम शिस्तीचे, आणि तेच सर्वांत अवघड. तालुका कचेरीतली वीज, धूळ, उकाडा आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते, या गोष्टी ज्याने पाहिल्या नाहीत त्याने सर्व्हरची यादी करू नये.

‘भूमी’ची आज्ञावली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या कर्नाटक शाखेने तयार केली. तिच्यात काही गोष्टी अशा होत्या, की त्या लिहिणाऱ्यास कचेरीचा स्वभाव ठाऊक असावा. यंत्रापुढे बसणाऱ्या कर्मचाऱ्यास परवलीच्या शब्दाबरोबर बोटाचा ठसाही द्यावा लागे. म्हणजे ‘माझ्या नावाने दुसऱ्यानेच केले’ ही सबब संपली. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निघाले पाहिजेत, असे बंधन यंत्रातच घातले. वशिल्याचा अर्ज ढिगाच्या वर येण्याची वाट बंद झाली. खिडकीशी एक पडदा शेतकऱ्याच्या बाजूस वळवून ठेवला, म्हणजे आत काय लिहिले जात आहे ते त्यास दिसावे. उताऱ्यास पंधरा रुपये फी ठरली. आणि सर्वांत धाडसाचा निर्णय असा, की नोंदी यंत्रावर चढताच हस्तलिखित उतारा बेकायदा ठरविला. सुमारे नऊ हजार ग्रामलेखपालांच्या बस्त्यातला पिढीजात अधिकार त्या एका हुकमाने गेला. दोन दफ्तरे समांतर चालू ठेवली असती, तर खरे कोणते हा वाद कधीच मिटला नसता. बोटाचा ठसा आणि रांगेचा क्रम हे कोणत्याही यंत्रविक्रेत्याच्या यादीत मिळणारे पदार्थ नव्हेत.

नोंदी कन्नडमध्ये होत्या, आणि ते योग्यच होते. मात्र सीमाभागातील मराठी खातेदाराची त्यात थोडी कुचंबणा झाली, हेही नमूद केले पाहिजे. ‘चव्हाण’ हे आडनाव कन्नड लिपीत एका कारकुनाने एका तऱ्हेने आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने लिहिले, तर मनुष्य हसून सोडून देतो. यंत्रास ती दोन वेगळी माणसे वाटतात. नावाचे लेखन ही कागदावर भाषेची बाब होती; डेटाबेसात ती हक्काची बाब होऊन बसली. कोणत्याही लिपीतून दुसऱ्या लिपीत नावे नेताना हे घडणार, म्हणून ते आखणीच्या वेळीच धरून चालले पाहिजे.

‘भूमी’ला देशात आणि देशाबाहेर वाखाणणी मिळाली, आणि ती रास्तही होती. पण टीकाही झाली. २००७ मध्ये बंगळूरच्या काही संशोधकांनी असे दाखविण्याचा प्रयत्न केला, की गावपातळीवरची नोंद वरच्या केंद्राकडे सरकल्यामुळे शहराभोवतीच्या जमिनी हेरणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांचेच काम सोपे झाले. लहान शेतकऱ्यास पूर्वी ग्रामलेखपालाची मनधरणी करावी लागे, आता त्याला ती सोयही उरली नाही. हा आक्षेप मला पूर्णपणे पटत नाही, कारण त्या मनधरणीची किंमत कोण भरीत असे हे आपण सर्वजण जाणतो. तथापि इनाम कमिशनची आठवण ज्याला आहे, त्याला तो सर्वस्वी खोटाही म्हणता येणार नाही. दफ्तर जितके सुसंगत, तितके ते शोधणाऱ्याच्या हाती अधिक धारदार.

तालुक्यातालुक्यांतली यंत्रे एकमेकांस जोडावयाची की नाही, हा यानंतरचा प्रश्न. त्यात रेल्वेचा अनुभव फिरतीवरच्या वाचकांस अधिक जवळचा वाटेल. १९८५ मध्ये दिल्लीस संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि मग मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथे तशीच केंद्रे उभी राहिली. प्रत्येक केंद्र आपापल्या गाड्यांपुरते शहाणे. शेजारच्या केंद्राच्या गाडीत किती जागा आहेत हे त्याला ठाऊक नाही. ही पाचही केंद्रे एका जाळ्यात आली ती १९९९ मध्ये. चौदा वर्षे लागली म्हणून कोणी हसू नये. आधी प्रत्येक ठिकाणची नोंद खरी केली आणि मग जोडणी केली, म्हणूनच ती जोडणी टिकली.

‘आधार’ने उलट दिशा घेतली. तेथे पहिल्या दिवसापासून नोंदवही एकच. २००९ च्या जानेवारीत प्राधिकरण स्थापन झाले, नंदन नीलेकणी अध्यक्ष झाले, आणि तांत्रिक केंद्र बंगळुरास बसले. पहिला क्रमांक मात्र दिला गेला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. बंगळूरचे यंत्र आणि टेंभलीचे बोट यांच्यामधले अंतर हाच या योजनेचा खरा प्रश्न होता. गावात तारेची वा लहरींची जोडणी असेलच असे नाही. म्हणून नोंदणी जोडणीविना करता येईल अशी आज्ञावली केली. दहा बोटे, दोन डोळ्यांची बुबुळे, चेहरा आणि नाव, पत्ता, वय, लिंग एवढीच माहिती घ्यावयाची, तिचे पुडके तेथल्या तेथे सांकेतिक लिपीत मोहोरबंद करावयाचे, आणि मग ते जमेल तेव्हा केंद्राकडे पाठवावयाचे. जात, धर्म, उत्पन्न विचारावयाचे नाही, असे आधीच ठरले. साठ्याच्या आखणीत काय ठेवावे याइतकेच काय ठेवू नये याला महत्त्व असते, याचे हे चांगले उदाहरण होय. क्रमांकही असा, की त्यावरून माणसाचे गाव वा जात ओळखू येऊ नये. बारा आकड्यांतला शेवटचा केवळ लिहिण्यातली चूक पकडण्यासाठी.

येथे साठा खरोखरच मोठा होता. एक पुडके पाच मेगाबाइटच्या घरात. शंभर कोटींची पाच पेटाबाइट, आणि नकला वेगळ्याच. पण त्याहून भयंकर होते ते तुलनेचे काम. एका माणसाने दोनदा नोंद करू नये म्हणून प्रत्येक नवा ठसा आधीच्या सर्व ठशांशी ताडून पाहावयाचा. नोंदवहीत साठ कोटी माणसे असताना दिवसाला दहा लाख नवी आली, तर एका दिवसात सहा कोटी वेळा कोटी तुलना कराव्या लागतात. एवढ्या कामास एकच प्रचंड यंत्र विकत घेण्याचा मोह कोणासही झाला असता. तो टाळून बाजारात मिळणारे साधे सर्व्हर मोठ्या संख्येने घेतले, मोफत मिळणाऱ्या खुल्या आज्ञावल्या वापरल्या, आणि नोंदवहीचे तुकडे करून ते अनेक यंत्रांवर वाटले. एक यंत्र पडले तर काम थांबू नये, आणि वाढ हवी तर आणखी यंत्रे मांडता यावीत. ठसे ताडण्याचे कामही एका कंपनीस न देता तिघांस दिले, आणि ज्याचे काम सरस त्यास अधिक वाटा. एका सावकाराच्या दारी बांधून न घेण्याचे हे धोरण सरकारी खरेदीत विरळाच दिसते. एप्रिल २०१६ मध्ये शंभर कोटींचा आकडा पुरा झाला.

या यशावर मीही मोहित झालो असतो; पण २०१२ च्या प्राधिकरणाच्याच अहवालात एक लहान आकडा आहे. साडेआठ कोटींच्या आसपास नोंदी असताना दर लाख खऱ्या माणसांमागे सत्तावन्न माणसे ‘आधीच नोंदलेली’ म्हणून चुकीने अडत होती. शेकड्यात मांडले तर आकडा दिसतही नाही. परंतु देशाच्या लोकसंख्येस लावून पाहा, म्हणजे लाखो माणसे होतात. आणि त्या प्रत्येकास आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्यासाठी कोणत्या तरी मनुष्यरूपी अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागणार. ठसा जुळत नाही म्हणून शिधा अडल्याच्या तक्रारी पुढे अनेक राज्यांतून आल्या. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीनेही ही अडचण नोंदविली. माती आणि सिमेंट यांत झिजलेली बोटे सर्व्हरला वाचता येत नाहीत, याचा दोष बोटांच्या मालकास का, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नाही.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत प्रथम नाव होते बंगळूरचेच एक निवृत्त न्यायमूर्ती, के. एस. पुट्टस्वामी यांचे. २०१८ च्या मार्च महिन्यात महान्यायवादींनी न्यायालयास सांगितले, की ही माहिती तेरा फूट उंच आणि पाच फूट जाड भिंतींआड सुरक्षित आहे. पेशवे दफ्तराची दगडी इमारत ज्याने पाहिली आहे, त्याला हे विधान ऐकून गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. भिंत कितीही जाड असो, नोंद जाते ती तारेने, आणि चुकते ती दूरच्या नोंदणी-खिडकीवर. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने योजना राहिली. पण खाजगी कंपन्यांच्या वापराचे कलम गेले, आणि कोणी कोठे ओळख पटविली याची नोंद पाच वर्षांऐवजी सहाच महिने ठेवावी असे ठरले. दफ्तर किती दिवस जपावे हा निर्णय यंत्राच्या क्षमतेवर नव्हे तर नागरिकाच्या हक्कावर घ्यावा, हे आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

महाराष्ट्रानेही याच सुमारास आपला सात-बारा यंत्रावर आणला. सुमारे अडीच कोटी उतारे, आणि ‘ई-फेरफार’ नावाची आज्ञावली. कर्नाटकाने तालुक्यापासून आरंभ केला होता; येथे काम पुष्कळसे राज्याच्या केंद्रावर एकवटले, आणि दिवसा सर्व्हर इतका संथ होई, की तलाठ्यांनी रात्री जागून नोंदी चढविल्या. सगळा राज्यभरचा तलाठीवर्ग सकाळी अकरा वाजता एकाच दारावर येणार, हे गणित आखणीच्या वेळी मांडणे काही फार कठीण नव्हते. परंतु या कामात एक गोष्ट अशी झाली, की तिचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. २०१७ मध्ये गावोगावी ‘चावडी वाचन’ घेण्यात आले. यंत्रातून छापून काढलेले सात-बारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचावयाचे, आणि ज्याला आपले नाव, क्षेत्र वा बोजा चुकला असे वाटेल त्याने तेथेच सांगावयाचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी चुका काढल्या, तलाठ्यांनी त्या टिपून घेतल्या, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा घरबसल्या मिळू लागला. त्यानंतर जी चूक उरली असेल तिच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम १५५ आहे. तहसीलदाराकडे अर्ज करावयाचा, आणि सुनावणीची तारीख लागेपर्यंत थांबावयाचे.